कार्नोबा

आमच्या सोसायटीत नाना दोन. एक ‘बी’ विंगमधले आणि दुसरे मेणवाले. गुडघे दोघांचेही दुखतात. पहिल्यांचे वयाने, दुसऱ्यांचे गाडीच्या दारांचा खालचा भाग पुसायला रोज उकिडवं बसून. सोसायटीतल्या पोरांनी मेणवाल्या नानांचं नाव ‘कार्नोबा’ ठेवलं आहे. गाडीला लावायच्या उंची मेणाला कार्नौबा म्हणतात हे पोरांना नानांनीच शिकवलं, त्यामुळे तक्रार करायची त्यांना सोय नाही. शिवाय नाव त्यांना मनातून आवडलेलं आहे. खंडोबा, म्हसोबा, जोतिबा यांच्या ओळीत बसायला कोण नको म्हणेल?

नाना पिंपरीच्या एका कारखान्यातून क्वालिटी कंट्रोलचे सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर हातात मायक्रोमीटर. मिलिमीटर हे माप त्यांना ढोबळ वाटतं. मायक्रॉन म्हटलं की चेहरा खुलतो. ‘मला बघायला आले तेव्हा पोह्यांत खडा निघाला,’ नानी सांगतात, ‘दुसरा कोणी गुपचूप बशीच्या कडेला ठेवता. यांनी तो बोटांत धरून उजेडाकडे नेला आणि माझ्या वडिलांना म्हणाले, दीड मिलिमीटर असेल, अंदाजे. अंदाजे म्हणताना मात्र जरा ओशाळले.’ वडिलांना माणूस बारीक नजरेचा वाटला. लग्न ठरलं.

निवृत्तीनंतर या नजरेला काम हवं होतं. फंडाच्या पैशांतून नानांनी गाडी घेतली, तीही काळी. तुम्ही-आम्ही चंदेरी नाहीतर पांढरी गाडी घेतो ती धूळ दिसू नये म्हणून. नानांनी काळी घेतली ती धूळ दिसावी म्हणून.

लिफ्टची वाट बघत तुम्ही उभे असाल आणि मागून ‘तुमच्या गाडीचा रंग किती जाड आहे हो?’ असा प्रश्न आला तर समजावं, जिना बरा होता. उत्तर नानाच देतात. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग, त्यावर क्लिअर कोट म्हणजे बिनरंगी लॅकर. सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. ‘त्यातला क्लिअर कोट ४०-५०. डोक्याचा केस धरा ७० मायक्रॉन.’ इथे नाना माझ्या डोक्याकडे बघतात आणि उदाहरणापुरतं काही शिल्लक आहे याची खात्री करून घेतात. ‘म्हणजे केसाहून पातळ थरावर गाडीची सगळी अब्रू. ऊन तो थर खातं, पक्ष्यांची विष्ठा तो खाते, आणि उरलेला तुमचा तो गाडी पुसणारा पोरगा खातो.’ एवढ्यात लिफ्ट येऊन जाते.

या वेडाचं मूळ वडिलांच्या फियाटमध्ये आहे. निळी प्रीमियर पद्मिनी. त्या काळच्या गाड्यांना क्लिअर कोट नसे, वर दिसायचा तो थेट रंगच. नानांचे वडील दर दिवाळीला अभ्यंगस्नान उरकून फियाटला पॉलिश करायला बसत. फडकं निळं होई आणि गाडी आदल्या वर्षीपेक्षा थोडी कमी निळी. अशा किती दिवाळ्या गेल्यावर एका पाडव्याला बॉनेटच्या कडेला तपकिरी प्रायमर डोकावला. वडील म्हणाले, ‘गंज आलाय, अजून घासायला हवं.’ तेव्हापासून नाना एकच वाक्य म्हणत आले आहेत: पॉलिश म्हणजे खरवडणं, मेण म्हणजे पांघरूण. पॉलिशमध्ये घासणारी पावडर असते, ती ओरखड्याच्या भोवतालचा रंग खरवडून पातळी सारखी करते. मेण काहीच काढत नाही, वर बसतं. हे वाक्य आमच्या वॉचमनलाही पाठ आहे. रात्री उशिरा कोणी पाहुणा गाडी लावायला आला तर नाव-फ्लॅट नंबरच्या आधी तो त्याला हे ऐकवतो.

नव्या भाडेकरूंना सगळे बाकीचे नियम सांगतात, पण ‘नानांना कुठलं मेण लावू असं विचारू नका’ हे सांगायचं राहून जातं. ते विचारतात. मग नाना, मुलीच्या बापाने स्थळाची चौकशी करावी तशी, सुरुवात करतात. रंग कोणता? मेटॅलिक का साधा? गाडी रात्री कुठे असते? वर स्लॅब का झाड? झाड कोणतं? आंबा असेल तर मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा पडणार. वड-पिंपळ असेल तर पक्षी वर जेवणार आणि खाली हिशेब चुकता करणार. पाणी कुठलं, बोअरचं का कॉर्पोरेशनचं? पुसतं कोण? कशाने? धुवायला भांड्यांचा साबण तर वापरत नाही ना? कारण तो लावलेलं मेण तेलकटपणासकट काढून नेतो.

‘मी आपलं कुठलंही घेतो, नाना.’

‘कुठलंही? ते काय खोबरेल आहे?’

खरं तर उत्तर दोन ओळींचं आहे, आणि नानांचं म्हणणं तिथे बिनतोड असतं. कार्नौबाची चमक खोल, गडद रंगावर विशेष शोभते; पण आपल्या उन्हात महिना-दीड महिना टिकली तर पुष्कळ. सीलंट म्हणजे कारखान्यात बनवलेलं पॉलिमर. ते चार-सहा महिने जातं, पण त्याची चमक नानांना कोरडी वाटते. म्हणून नाना आधी सीलंट लावतात, एक दिवस मुरू देतात आणि वर कार्नौबाचा हात देतात. उलट करायचं नाही. मेणावर सीलंट धरत नाही. थर पातळ हवा, जाड लावलेला सगळा पुसण्यातच जातो. पत्रा गार हवा. मेण सुकलं का ते बोटाने रेघ ओढून बघायचं. रेघ स्वच्छ उमटली की फडकं घ्यायचं. काळ्या प्लॅस्टिकला आणि रबरी पट्टीला मेण लागू द्यायचं नाही, पांढरे डाग बसतात. दुसऱ्या मजल्यावरच्या जोशात आलेल्या एका गृहस्थांनी हे ऐकून घेतलं नाही, तर त्यांच्या गाडीला चुना लावल्यावर दिसाव्या तशा भुवया फुटल्या. नानांनी शनिवारची दुपार घालवून जुन्या टूथब्रशने त्या काढून दिल्या. हे मात्र नानांच्या बाजूने नोंदवलं पाहिजे: ते नुसते बोलत नाहीत, दुसऱ्याच्या गाडीलाही गुडघे टेकतात. परतीच्या बोलीवर कोणी मेणाची डबी मागितली तर ती मात्र देत नाहीत.

डब्या किती आहेत ते नानींना ठाऊक. लोणच्याच्या बरण्यांच्या वरचा फळा पूर्वी मसाल्यांचा होता. त्यावर आता डब्या, बाटल्या, गोल स्पंज, आणि इस्त्री केल्यासारखी घडी घातलेली मायक्रोफायबरची फडकी. निळी काचेला, पिवळी दारांना, पांढरी फक्त बॉनेटला. पांढऱ्या फडक्याने नानींनी एकदा मिक्सर पुसला. नाना तीन दिवस कमी बोलले. ‘तीन दिवस सुखात गेले,’ नानी म्हणतात, ‘पण चौथ्या दिवशी त्यांनी मिक्सरलाच मेण लावलं.’

बॉनेट ही नानांची प्रयोगशाळा. निळ्या चिकटपट्टीने त्याचे सारखे चौकोन पाडायचे, प्रत्येकात वेगळं मेण, एक चौकोन कोराच ठेवायचा, आणि वहीत तारीखवार नोंद. पाण्याचा फवारा मारला की चांगल्या मेणावर थेंब ताठ, गोल उभे राहतात. कोऱ्या चौकोनात पाणी पसरून लोळतं. मृगाचा पहिला पाऊस आला की सोसायटीतल्या बायका गच्चीवरचे पापड-कुरडया उचलायला धावतात आणि नाना छत्री घेऊन गाडी फाटकाबाहेर काढायला. पावसात स्वतःहून गाडी भिजत ठेवणारा माणूस बघून शेजारच्या सोसायटीतली मंडळी मदतीला आली होती. त्यांना वाटलं, गाडी बंद पडली. नानांनी त्यांना थेंब दाखवले. पुढे पुढे मात्र थेंबांवरचा त्यांचा जीव उडाला. गोल थेंब दिसायला छान, पण तो जागच्या जागी सुकतो आणि पाण्यातले क्षार तिथेच ठेवून जातो. त्यापेक्षा पाणी चादरीने सरकून जाणारं मेण बरं, असं आता त्यांचं मत आहे. आधीच्या वह्या त्यामुळे रद्दीत गेल्या नाहीत. त्यांच्यावर ‘जुनी विचारसरणी’ असं लिहून ठेवलं आहे.

क्षारांवरून पाण्याची गोष्ट आली. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर. टँकरच्या पाण्याने धुतलेली काळी गाडी सुकल्यावर देवीच्या व्रणांसकट उभी राहते. सोसायटीच्या कमिटीने ठराव केला की, घरोघरच्या आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी साठवून गाड्या धुवाव्यात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नानांनी लेखी विरोध नोंदवला: मशीन ज्या क्षारांना प्यायच्या पाण्यातून हाकलतं ते सगळे त्या वायाच्या पाण्यातच जमतात, तेव्हा हा ठराव म्हणजे क्षार गोळा करून गाडीवर ओतण्याची योजना आहे. बरोबरच होतं ते. ठराव अर्थातच मंजूर झाला.

मग नानांनी स्वतःपुरता मार्ग काढला. एसीच्या नळीतून ठिबकतं ते हवेतल्या वाफेचं पाणी. त्यात क्षार जवळजवळ नसतातच. नानांनी मीटर लावून बघितला. टँकरच्या पाण्यावर आकडा शेकड्यांत पळाला, एसीच्या पाण्यावर जागचा हलेना. त्या दिवसापासून चैत्र-वैशाखात नाना पाच लिटरचा कॅन घेऊन गॅलऱ्यांखाली हिंडतात. कोणाच्या नळीखाली कोणता कॅन हे ठरलेलं आहे; झाकणावर फ्लॅट नंबर. संध्याकाळी ते बेल वाजवतात आणि दार उघडताच विचारतात, ‘आज एसी लावणार आहात ना?’ लोक आधी लाजायचे, आता सरळ वेळ सांगतात. चौथ्या मजल्यावरच्या काकू माहेरी गेल्या तेव्हा ‘आठ दिवस पाणी नाही हं, नाना’ असा निरोप ठेवून गेल्या होत्या.

सकाळी गाड्या पुसणारा पोरगा हा नानांचा खरा वैरी असायला हवा होता. एक बादली, एक फडकं, तीस गाड्या. पहिल्या गाडीची वाळू तिसाव्या गाडीच्या अंगावर. नाना रात्री टॉर्च मारून लोकांना त्यांच्या बॉनेटवरचे गोल गोल बारीक ओरखडे दाखवतात; त्यानंतर त्या माणसाला ते दिवसाही दिसू लागतात आणि तो कायमचा दुःखी होतो. मीही त्यातला एक. पण पोराशी नानांचा करार झाला आहे. बाकीचे त्याला गाडी पुसायचे महिन्याला चारशे रुपये देतात. नाना न पुसायचे देतात. अट एकच, हातातलं फडकं झटकताना दहा पावलं लांब जायचं. दिवाळीला पोराने बोनस मागितला. म्हणाला, ‘वर्षभरात एकदाही हात लावला नाही, नाना.’ नानांनी दिला.

मध्यंतरी एका रविवारी फाटकापाशी टेबल टाकून दोन मुलं सिरॅमिक कोटिंगची जाहिरात करायला आली. टाय, टॅब, आणि मिठाईचं ताट. ‘नाइन एच हार्डनेस, सर. डायमंडच्या खालोखाल.’ घोळक्यात नाना होते हे त्यांचं दुर्दैव. ‘नाइन एच कशाचं?’ नानांनी विचारलं. ‘हार्डनेसचं, सर.’ नाना वर गेले आणि पेन्सिलींचा डबा घेऊन आले. एचबी, टू एच, फोर एच, अशा ओळीने टेबलावर मांडल्या. ‘हे पेन्सिलीचं माप आहे, बाळ. रंगावर एका कोनात पेन्सिल ढकलायची आणि कितव्या पेन्सिलीने ओरखडा उठतो ते बघायचं. हिरा दहा, तो मोहच्या पट्टीवर. ती पट्टी वेगळी, ही वेगळी. खिळ्याने कोणी रेघ ओढली तर तुझं नाइन एच बघत बसेल.’ मुलगा हुशार होता. तो म्हणाला, ‘सर, आमच्या मुलांना ट्रेनिंग द्यायला याल का?’ नानांनी मिठाई घेतली.

वर जाताना मी विचारलं, ‘पण नाना, ते कोटिंग दोन-तीन वर्षं टिकतं ना? मेणाच्या कितीतरी पट. मग का नाही करून घेत?’

नानांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की, मी काहीतरी अशुभ बोललो असावं. ‘दोन-तीन वर्षं टिकलं, तर रविवारी मी करू काय?’

नानांच्या आजवरच्या सगळ्या व्याख्यानांत मला हे एकच वाक्य शंभर टक्के खरं वाटतं.

गणेशोत्सवात सोसायटीच्या मांडवात दरवर्षी एक व्याख्यान असतं. वक्ता आयत्या वेळी आला नाही म्हणून एके वर्षी नाना उभे राहिले, आणि तो वक्ता येता तर बरं झालं असतं असं कोणालाही वाटलं नाही, कारण नाना रंगात आले. ईशान्य ब्राझीलच्या कोरड्या मुलखात एक ताड उगवतो. उन्हाळ्यात पानांतलं पाणी उडू नये म्हणून तो पानांवर मेण आणतो. पानं तोडून उन्हात वाळवतात, झोडपतात. पांढरट भुकटी झडते, ती वितळवून गाळायची. हे मेण ८२ अंशांच्या पुढे वितळतं, मधमाशीचं ६२-६४लाच. नुसतं कार्नौबा इतकं कडक असतं की डबीतून बोटाने निघणार नाही. म्हणून त्यात तेलं आणि दुसरी मेणं मिसळतात. ‘डबीवर शंभर टक्के कार्नौबा लिहिलेलं असलं तर दुकानदाराकडे बघून हसा आणि पुढे जा,’ नाना म्हणाले. मग त्यांनी १९३५ सालची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या रॅसिन गावी फरशीचं मेण बनवणाऱ्या जॉन्सन कंपनीचा मालक हर्बर्ट जॉन्सन जमिनीवर आणि पाण्यावर उतरणारं सिकोर्स्की विमान घेऊन थेट ब्राझीलला गेला, हे ताड डोळ्यांनी बघायला. पुढे १९९८ साली त्याच्या मुलाने तसंच विमान बनवून घेतलं आणि बापाच्या वाटेने पुन्हा गेला. ‘मेणासाठी विमान!’ नाना गहिवरले.

‘आणि आपण चिपळूणला एसटीने,’ पहिल्या रांगेतून नानी म्हणाल्या.

कारण मे महिन्यात भाच्याचं लग्न होतं, आणि रस्त्याच्या कामावरचं डांबर चाकांनी उडून दारांच्या खालच्या भागाला चिकटतं. स्वारगेटवरून नाना-नानी लाल गाडीत बसले. घाटात शेजारून जाणाऱ्या गाड्यांवरचे डांबराचे ठिपके नाना नानींना दाखवत होते आणि ‘बघ, बघ, वाचलो’ म्हणत होते. नानींच्या मांडीवर आहेराचं ताट, पायांशी तीन पिशव्या.

त्याच व्याख्यानात नानांनी मुलांना सांगितलं की, कार्नौबा खायच्या वस्तूंवरही असतं; रंगीत चॉकलेटच्या गोळ्यांच्या पाकिटावर ९०३ हा आकडा शोधा, ते हेच. पोरांनी पाकिटं तपासली, आकडा सापडला. दुसऱ्या दिवशी ‘सी’ विंगमधल्या एका पोराने नानांच्या गाडीच्या मडगार्डला जीभ लावून बघितली. आई धावत आली, पोराला काही होणार नाही ना म्हणून. नानाही धावत आले. लाळेतही थोडं आम्ल असतं.

दसरा हा नानांच्या घरातला सर्वात अवघड सण. नानी देवभोळ्या आहेत आणि गाडीची पूजा झाल्याशिवाय त्या जेवत नाहीत. नाना आदल्या रात्री खंडेनवमीचं निमित्त करून बॉनेटला ताजा हात देतात. सकाळी नानी ताट घेऊन खाली. हळद, कुंकू, अक्षता, निरांजन, नारळ, लिंबं, झेंडूचा हार. पहिला वाद हारावरून: तार आतून की दोरा? तार असेल तर हार गाडीच्या अंगाला लागता कामा नये. एका वर्षी नानांनी स्वतः दोऱ्यात ओवून दिला. दुसरा वाद नारळावरून; तो फाटकाबाहेर फोडायचा, टवका उडता कामा नये. लिंबांबद्दल वाद नाही, ती चाकांखाली जातात आणि रबराचं काही वाकडं होत नाही. खरी लढाई स्वस्तिकाची. नानींनी अनामिका कुंकवात बुडवली की नाना पुढे होतात. काचेवर काढ. नको, काचेवर कसं, पुढचं दिसायला नको? मग नंबरप्लेटवर. नंबरप्लेट म्हणजे काय गाडीचं कपाळ आहे?

गेल्या दसऱ्याला नानांनी तोडगा काढला. पोळ्या गुंडाळायचं पारदर्शक प्लॅस्टिक बॉनेटवर हातभर पसरलं, बुडबुडा राहू न देता, कडा मऊ पट्टीने चिकटवल्या. नानींनी चष्मा आणला नव्हता. त्यांनी मन लावून स्वस्तिक काढलं, चार टिंबं दिली, हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, निरांजन ओवाळलं. नमस्कार करायला बॉनेटवर डोकं टेकलं तेव्हा कपाळाला प्लॅस्टिक चिकटून वर आलं, स्वस्तिकासकट. नानी सरळ उभ्या राहिल्या. आम्ही सगळे खाली बघत होतो. नानींनी कपाळावरचं स्वस्तिक काढून घडी घातली, ताटात ठेवली आणि एवढंच म्हणाल्या, ‘पूजा पोचली हो. प्लॅस्टिकला.’ त्या दिवशी श्रीखंड नानांच्या पानात पळीभरच पडलं. मायक्रॉनमध्ये किती, ते त्यांनी मोजलं असणार.

मेणाबद्दल माझं मत विचाराल तर नानांचं शास्त्र पक्कं आहे. चूक निघेल ती हिशेबात. मेण कशापासून वाचवतं? ऊन, पाऊस, पक्षी, डांबर, धूळ. नानांची गाडी इमारतीच्या खाली, स्लॅबच्या आत, खांबाच्या आडोशाला उभी असते. वर कापडी आच्छादन. त्याच्या आत धूळ राहिली तर तेच ओरखडे पाडतं म्हणून त्याआधी पुसणं. ऊन तिथे पोचत नाही. पाऊस नाना दाखवायला नेतात तेवढाच. कबुतरांसाठी जाळी. त्या गाडीच्या रंगाला जगात धोका उरला आहे तो एकट्या नानांच्या फडक्याचा, आणि त्यापासून बचाव म्हणून ते मेण लावतात. आमच्या गावाकडचा चुलतभाऊ गाडीला दिवाळीखेरीज पाणी दाखवत नाही, पण गोठ्याच्या पत्र्याखाली लावतो. दहा वर्षांत तिचा रंग विटलेला नाही. ज्याची गाडी दिवसभर उघड्यावर तापते त्याने मेणावर खर्च जरूर करावा, तोही कुठलं मेण यावर डोकं न शिणवता. वेळच्या वेळी लावलेलं साधं मेण फळ्यावरच्या उंची डबीपेक्षा जास्त काम करतं. हे मी नानांना बोललो नाही. शेजार आहे.

पण उभ्या गाडीचे स्वतःचे रोग असतात, आणि ते मेणाखालून येतात. आधी बॅटरी उतरली. मग यंदाच्या पावसाळ्यात उंदीर शिरले आणि इंजिनाच्या खालची वायरिंग कुरतडून गेले. मेकॅनिकने बॉनेट उघडलं तेव्हा आत आदल्या श्रावणातल्या वाती आणि मायक्रोफायबरच्या पांढऱ्या फडक्याचा चोथा सापडला; घरटं ऐसपैस होतं. बिल बघून नानींनी निर्णय दिला: गाडी विकायची. नानांनी फार ताणलं नाही. टोइंगवाल्याच्या पट्ट्याखाली घालायला त्यांनी आपली मऊ फडकी दिली, तेव्हाच आम्हाला कळलं की माणूस खचला आहे.

जुन्या गाड्या घेणाऱ्या एका कंपनीचा मुलगा बघायला आला. वय पंचवीस, हातात मोबाइल. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून दाराच्या कडा बघितल्या, बॉनेटवर आपलं तोंड बघून केस सारखे केले आणि म्हणाला, ‘काका, गाडी कुठे ठोकली होती?’

नानांना ऐकू आलं नाही असं वाटलं.

‘नाही, रंग नवा आहे. इतक्या वर्षांच्या गाडीवर एक ओरखडा नाही, म्हणजे रीपेंट. ॲक्सिडेंटची दिसतेय. चाळीस हजार कमी होतील.’

नाना वर गेले. आम्हाला वाटलं, गोळी घ्यायला. ते रंगाची जाडी मोजायचं यंत्र घेऊन आले. बॉनेट ११८, डावं दार १२१, उजवं ११६, डिकी ११९. प्रत्येक आकडा मुलाच्या नाकासमोर धरला. ‘रीपेंट असता तर दोनशेच्या वर गेला असता. हा कारखान्यातला रंग आहे. मी राखलाय.’

मुलाने यंत्र उलटसुलट करून बघितलं. ‘यंत्र तुमचंच ना, काका?’

सोसायटीने नानांचा चढलेला आवाज पहिल्यांदाच ऐकला. मुलगा पळाला, पण जाताना बॉनेटवर ठेवलेल्या त्याच्या किल्ल्या ओढल्या गेल्या आणि बोटभर रेघ उठली. नाना त्या रेघेपाशी बराच वेळ उकिडवे बसले होते. मग हाक आली, ‘अगं, ती डबी आण गं. मधली. नाही, पॉलिशची.’

गाडी अजून विकायची आहे. काळा रंग, पहिला मालक, ९,४०० किलोमीटर, वायरिंग आणि बॅटरी नवी. रविवारी सकाळी आलात तर नाना खालीच भेटतील. येताना अंगठी, घड्याळ आणि बक्कलचा पट्टा घरी काढून ठेवा, बॉनेटला टेकून उभे राहू नका, आणि काहीही झालं तरी कुठलं मेण लावता असं विचारू नका.